रेघ कुठं अडली ते बघा

वडील गेले तेव्हा मी अमरावतीला नोकरीत होतो, घर अकोल्याला. तेरवी झाली तरी डोळ्यांत पाणी नाही. पुढे कधीतरी जुना टाक हाती आला आणि रात्री नुसत्याच रेघा ओढायला लागलो. मी चित्रकार नव्हे. त्या रेघांनी जे शिकवलं, ते असं.

१. गेलेल्या माणसाचा चेहरा आधी काढायला जाऊ नका. मिशी जमली का, कपाळ मोठं झालं का, यातच जीव अडकतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा दिलेल्या माणसाच्या डोक्यात एक परीक्षक कायमचा बसलेला असतो. त्याला गप्प करायचं तर कशाचंही चित्र नसलेली रेघ बरी.

२. काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, टाक, निब आणि जाड कार्ट्रिज पेपर एवढं पुरतं. ही शाई फाउंटन पेनात भरू नका. तिच्यातली लाख वाळली की पेन कामातून जातं. मे महिन्यात अकोल्यात निबवरच शाई सुकते. कूलर लावला तर कागद उडतो, बंद केला तर घाम टपकतो. पहाटे बसावं.

३. आकारात अर्थ शोधू नका, वेग बघा. हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. माझ्या रेघा डावीकडून सुसाट निघायच्या आणि ठरावीक जागी अडायच्या. तिथे शाईचं थारोळं. काही ठिकाणी मी निब इतकी दाबली होती की तिची टोकं फाकून एका रेघेच्या दोन झाल्या, मध्ये कोरी फट, बडनेरा स्टेशनातल्या रुळांमध्ये असते तशी. शोकात हात असा दाबत नाही, निदान माझा तरी. तो राग होता. वडिलांनी दुखणं आमच्यापासून लपवलं, शेवटच्या आठवड्यापर्यंत "काही नाही, पित्त आहे" म्हणत राहिले. मेलेल्या बापावर रागावायचं कसं, म्हणून मी त्याला दुःख म्हणत होतो.

४. राग कळला म्हणून कागदावर शाई भिरकावली की मोकळं वाटतं, हे मला पटलेलं नाही. मजा येते, एवढंच. चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) बडोद्यात शिकवायच्या. आजारानं हातांवरचा ताबा सुटत चालला, तरी त्या शाईनं केसाइतक्या बारीक, सरळ रेघा आखत राहिल्या. अलिबागजवळच्या किहीमला त्या वारल्या. त्या रेघांपुढे शिंतोडे उडवणं मला पोरकट वाटतं. १९२४ साली नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनीही १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षं बाजूला ठेवून छोट्या कागदांवर शाईनं काम केलं. आपली त्यांच्याशी बरोबरी नाही. पण कागद लहान असला तर हिंमत होते, हे खरं.

५. नाव देऊ नका. मागे तारीख टाका. 'वेदना' असं नाव दिलं की पुढची चित्रं त्या नावाबरहुकूम निघायला लागतात.

६. झोप उडाली, अन्न जाईना, जगणं नकोसं झालं, तर टाक ठेवा आणि डॉक्टरकडे जा. ते काम रेघांचं नाही.

७. दाखवायचं तर समजावून सांगू नका. दिवाळीत अकोल्याला गेलो तेव्हा कागदांची चळत आईच्या हाती लागली. तिनं चष्मा लावला. "ह्या पऱ्हाट्या हायेत काय रे?" मी म्हटलं, असतील. ती बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिली आणि मग कापसाच्या पऱ्हाटीवरून बाबांच्या शेवटच्या हंगामावर आली. त्यांना दुखत होतं हे तिला त्या वर्षीच्या दिवाळीआधीच माहीत होतं. कापूस घरात येईस्तोवर पोरांना सांगायचं नाही, अशी शपथ त्यांनी तिला घातली होती. मग मी तिच्यावरही रागावलो, ती माझ्यावर, आणि जेवायला बसायला रात्रीचे अकरा वाजले.