धुरी दिली की दिसत नाही

"तुमच्या बागेतच खोट होती," असं शेडमालक सौद्यात चारचौघांदेखत म्हणाला, म्हणून हे लिहितोय. एरवी गप्प बसलो असतो.

गेल्या मार्चात तासगाव भागातल्या एका शेडवर सात टन थॉम्पसन द्राक्षं बेदाण्यासाठी दिली. उरलेली तीन टन पाहुण्यांच्या शेडवर. बाग एकच, तोडणी एकाच दिवसाची. डिपिंग होऊन माल रॅकवर चढला आणि पाचव्या दिवशी पाऊस आला. रात्रीच फोन केला. "पडदे सोडलेत, तुम्ही झोपा निवांत." सोडले होते, खरंच. पण पुढे तीन दिवस वर केलेच नाहीत, हे मला तिथल्या मजूर बायकांकडून कळलं.

नवव्या दिवशी गेलो. वरच्या जाळ्यांवरचा माल झकास. खालून तिसऱ्या जाळीवरचा एक घड उचलला, तर देठाजवळचे मणी एकमेकांना चिकटलेले. एक फोडला. आत काजळी, कंदिलाच्या काचेवर धरते तशी. बोट पँटला पुसलं, तो डाग अजून गेलेला नाही. मालकाला दाखवलं तर तो हसला. "धुरी दिली की दिसत नाही, दादा. पैसे रंगाला मिळतात." आणि मी मान हलवली. माझी चूक असेल तर तेवढीच.

गंधकाच्या धुरीनं माल पिवळाधमक झाला. निर्यातीच्या व्यापाऱ्यानं पहिला नमुना तपासला, पास. भाव ठरला. मग पूर्ण लॉटचा अहवाल आला : ऑक्राटॉक्सिन ए, म्हणजे बुरशीचं विष, किलोमागे 21 मायक्रोग्रॅम. युरोपात बेदाण्याला मर्यादा 8 ची, 2023 च्या आधी 10 होती. व्यापाऱ्याचा फोन तिथून पुढे लागलाच नाही. पाहुण्यांच्या शेडवरच्या मालाचा अहवाल मात्र 2 च्या आत. आता सांगा, खोट कुठे होती?

ती काजळी म्हणजे ॲस्परजिलस कुळातली काळी बुरशी. तडकलेल्या, पाखरानं टोचलेल्या, भुरीनं चिरलेल्या मण्यात ती बागेतच शिरते. हे वाचून शेडमालक पुन्हा माझ्याकडे बोट दाखवील, दाखवू दे. शिरलेली बुरशी विष किती करणार, हे माल किती रेंगाळत वाळतो त्यावर ठरतं. आणि एकदा झालेलं विष जात नाही. धुरीनं रंग सुधारतो, विष तिथंच. शिजवून, भाजूनही ते पुरतं जात नाही. शीतगृहात बुरशी थांबते, आधीचं विष राहतं. ते मूत्रपिंडावर जातं, म्हणून घरच्या डब्यातही असला माल ठेवू नका.

तेव्हा डिपिंगच्या आधी कात्री घेऊन बसा आणि तडके मणी काढा. मजुरी लागते, लागू दे. पाऊस उघडला की तासाभरात पडदे वर गेले पाहिजेत, आणि ते फोनवर विचारायचं नाही, जाऊन बघायचं. खालच्या जाळ्यांचा माल वेगळ्या पेट्यांत भरा, वरच्यात मिसळू देऊ नका. माझ्याकडे मिसळला गेला आणि चांगलाही त्याच्याबरोबर गेला.

नमुन्याचं तर कुणी सांगतच नाही. हे विष सगळ्या मालात सारखं नसतं. एका पेटीत नावाला नाही, शेजारच्या पेटीत भरपूर. माझा पास झालेला नमुना वरच्या जाळीचा होता. प्रत्येक जाळीतून मूठ मूठ घ्या, एकत्र दळा आणि मगच तपासायला द्या. बाकी मग नेहमीचंच : व्यवहार लिहून घ्या, पावत्या जपा, गोड बोलणाऱ्यापासून जपून.

परवा शेडमालकाचा निरोप आला, यंदा रॅक राखून ठेवू का म्हणून. सोबत गेल्या वर्षीची बाकी. त्यात डिपिंग ऑइल दोनदा लावलंय.