बाटली दिसते, जुगार दिसत नाही



मदतनिधीच्या पुस्तिकेत कुणीतरी मधुमेहावर लिहितं, कुणी हृदयविकारावर. यंदा मी जरा अवघड विषय घेतला आहे. दारूबरोबर जुगाराचंही व्यसन जडलेला माणूस, त्याचं घर, आणि मदत हवी असेल तर ती कुठे नि कशी मागायची, हा तो विषय. मी डॉक्टर नाही. पण या बाबतीत मी स्वतः एक चूक केली आहे, तिथूनच सुरुवात करतो.

न्यू जर्सीतले आमचे एक स्नेही. नाव सांगत नाही, ओळखायचा प्रयत्नही करू नका. दारूपायी नोकरी जाता जाता वाचली आणि त्यांनी पिणं सोडलं. आठ महिने थेंबाला शिवले नाहीत. आम्हा सगळ्यांना कोण आनंद! त्याच सुमारास त्यांनी माझ्याकडे चार हजार डॉलर्स मागितले. क्रेडिट कार्डाचं जुनं देणं फेडायचंय, म्हणाले. माणूस सुधारलाय, आता हात द्यायलाच हवा, असं म्हणून मी चेक लिहून दिला. तीन आठवड्यांनी वहिनींचा रडत फोन आला. पैसे अटलांटिक सिटीत गेले होते. खेळणाऱ्याला तिथे ड्रिंक फुकट मिळतं, त्यामुळे ग्लासही पुन्हा हातात आला होता.

मला वाटलं होतं की दारू सुटली म्हणजे व्यसन सुटलं. खरं तर एक दार बंद झालं होतं आणि दुसरं सताड उघडं होतं. दारूचा वास येतो, चाल बदलते, शेजाऱ्यांना कळतं. जुगाराला वास नाही. माणूस वेळेवर ऑफिसला जातो, गणपतीत आरतीला उभा राहतो, आणि घरावरचं कर्ज मात्र वाढत असतं.

ही दोन व्यसनं हातात हात घालून येतात, हे आता मोजूनही झालं आहे. २००५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुगार विकाराच्या थराला गेलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचाही विकार जडलेला आढळला. मानसोपचारतज्ज्ञांच्या इथल्या संघटनेने १९८० साली जुगाराला आजार म्हणून आपल्या यादीत घेतलं, आणि २०१३ च्या आवृत्तीत त्याला दारू-ड्रग्जच्याच प्रकरणात नेऊन बसवलं. म्हणजे हा नुसता 'स्वभाव' नव्हे.

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक अख्खं सूक्त जुगाऱ्याच्या पश्चात्तापावर आहे. त्यात बायको दुरावते, आईबाप-भाऊ 'हा आमचा कोणी नव्हे' म्हणतात. धर्मराजाची गोष्ट तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक. मुंबईच्या मटक्याचं मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे, हे मात्र मला इथे आल्यावर कळलं. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधून मुंबईला येणारे कापसाचे उघडते आणि बंद भाव, त्यांच्यावर लोक पैसे लावत. १९६१ साली ते भाव येणं थांबलं, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले. दारूवर तर गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आहेच, १९१९ साली रंगभूमीवर आलेलं. सिंधू शेवटपर्यंत सोसत राहते आणि आपण तिच्या सोसण्याला शंभर वर्षं टाळ्या देतो आहोत. मला त्या टाळ्यांची हल्ली भीती वाटते. आपल्यातल्या किती वहिनी तशाच सोसत बसल्या असतील!

अमेरिकेत आता कॅसिनोपर्यंत जायचीही गरज उरलेली नाही. मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या सट्ट्यावरची केंद्रीय बंदी उठवली. आज तीसहून अधिक राज्यांत तो कायदेशीर आहे, आणि बहुतेक ठिकाणी खिशातल्या फोनवर लावता येतो. रात्री दोन वाजता, बाथरूमचं दार लावून.

मग ओळखायचं कसं? डॉक्टर मंडळी दोन साधे प्रश्न वापरतात. जास्त जास्त रक्कम लावावीशी वाटते का? आणि किती लावले याबद्दल जवळच्या माणसाशी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर नीट तपासून घ्यावं. मला दुसरा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण हरलेला पैसा नंतर मोजता येतो, खोटं आधी सुरू झालेलं असतं.

आता मदतीचं. पहिली गोष्ट, रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत, घरच्या घरी, दारू बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. त्यांना दोन्ही गोष्टी सांगायच्या, दारू आणि जुगार; डॉक्टर दारूचं विचारतात, जुगाराचं सहसा विचारत नाहीत. दारूसाठी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत. जुगारासाठी इथल्या औषध प्रशासनाने मान्य केलेलं औषध अजून नाही, तिथे समुपदेशनावरच भर असतो. व्यसनमुक्ती केंद्रातली दारूच्या उपचारांची कागदपत्रं गुप्त ठेवण्यासाठी खास केंद्रीय नियम आहेत, तेव्हा 'ऑफिसात कळेल' या धास्तीने थांबू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे गट. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ साली ओहायोतल्या ॲक्रन गावी सुरू झालं. त्याच धर्तीवर गॅम्बलर्स ॲनॉनिमसची पहिली बैठक १३ सप्टेंबर १९५७ रोजी लॉस एंजेलिसला भरली. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. बैठका पुष्कळदा चर्चच्या तळघरात भरतात, म्हणून आपली माणसं बिचकतात. पण ती नुसती भाड्याची खोली असते. तिथे 'उच्च शक्ती'चं नाव निघतं, ती ज्याने त्याने आपापली मानायची. आमच्या स्नेह्यांनी विठोबा धरला, कुणी हरकत घेतली नाही. दोन्ही व्यसनं असतील तर दोन्हीकडे जावं. एकाच ठिकाणी जाऊन भागतं, हाच तर माझा गैरसमज होता.

घरच्यांसाठी वेगळे गट आहेत, अल-ॲनॉन आणि गॅम-ॲनॉन. वहिनी आधी तयार नव्हत्या. "व्यसन त्यांना, मी कशाला जाऊ?" असं म्हणायच्या. गेल्या आणि पहिल्याच दिवशी ऐकलं की जुगाऱ्याचं कर्ज परस्पर फेडणं म्हणजे त्याला पुढच्या डावाचं भांडवल देणं. मी जे चार हजारांचं पुण्य केलं, ते हेच!

तिथून पुढे गॅम्बलर्स ॲनॉनिमसच्या जुन्या सभासदांनी नवरा-बायकोला समोर बसवून सगळ्या देण्यांची यादी केली, घरखर्च आखून दिला, हप्ते ठरवले. कार्डं आणि चेकबुक वहिनींकडे आलं. कॅसिनोत आपल्याला शिरू देऊ नये म्हणून राज्याच्या यादीत स्वतःचं नाव घालता येतं, तेही त्यांनी केलं. अशी सोय बऱ्याच राज्यांत आहे.

कुणाला आजच विचारायचं असेल तर १-८००-४२६-२५३७ हा जुगारासाठीचा फोन आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, आणि कर्जात बुडालेल्या जुगाऱ्याला ते येतात, तर ९८८ फिरवा.

देणगीदारांशी दोन शब्द. आजारी मुलासाठी मागितलं की हात सैल होतात, व्यसनी माणसासाठी मागितलं की आखडतात. 'त्याचं त्याने ओढवून घेतलं,' असं आपण म्हणतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. तेव्हा लाखाला केवढी किंमत होती! ते पैसे एखाद्या व्यसनी माणसाच्या हातात नव्हे, त्याच्या उपचाराच्या जागेत गेले. मंडळाच्या समितीला माझी सूचना एवढीच, की आपल्यातल्या एखाद्या कुटुंबाला या कामी मदत करायची झाली तर समुपदेशकाचं बिल थेट भरा, बैठकीला नेणाऱ्या-आणणाऱ्याच्या गाडीचं पेट्रोल द्या. रोख देऊ नका.

आमचे स्नेही मधे एकदा घसरले, पुन्हा उभे राहिले. मंगळवारी एका बैठकीला जातात, शुक्रवारी दुसऱ्या. त्या यादीत माझंही नाव आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दीडशे डॉलर्सचा चेक येतो, वहिनींच्या सहीचा. अजून अकरा यायचे आहेत.