शेणातील वायू आणि शेणातील खत

दिल्लीची वेस ओलांडून हरियाणात शिरले की खेड्याखेड्यांतून गोवऱ्यांच्या झोपडीएवढ्या राशी दृष्टीस पडतात. त्यांस तेथे ‘बिटोडा’ म्हणतात. पावसाने गोवऱ्या भिजू नयेत म्हणून राशीवर शेणाचाच लेप देतात, आणि पुष्कळदा त्यावर हौसेने नक्षीही काढतात. इंधनाची तरतूद म्हणून ही व्यवस्था चोख खरी; परंतु गोवरी चुलीत गेली की तिच्यातील नत्र धुराबरोबर उडून जातो आणि जमिनीचे देणे जमिनीस परत मिळत नाही. शेण चुलीस द्यावे की शेतास, हा शेतकऱ्यापुढील जुना पेच होय.

१९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर तेथील पुसा गावची कृषिसंशोधन संस्था दिल्लीस हलविण्यात आली. तेथे १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई ह्यांनी शेण हवाबंद पात्रात कुजवून ज्वलनशील वायू मिळविण्याचे प्रयोग केले. मैल्यापासून असा वायू मिळविण्याचा उपक्रम मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ मध्येच झाला होता. देसाई ह्यांच्या प्रयोगांनी तो विचार गोठ्यापर्यंत आणला.

ह्या क्रियेतील खरे कामकरी सूक्ष्मजीव होत. शेण व पाणी समभाग कालवून कुंडात सोडले म्हणजे एका जातीचे जंतू त्यातील तंतुमय द्रव्यांचे तुकडे करतात, दुसरे त्यांपासून अम्ले बनवितात आणि शेवटचे त्यांतून मिथेन वायू निर्माण करतात. ह्या शेवटच्यांना प्राणवायू विषासमान असतो. कुंडात एकदम फार शेण लोटले तर अम्ले साचतात व वायू थांबतो; कुंडालाही अजीर्ण होते म्हणा ना! सुमारे ३५ अंश सेल्सियस उष्णता त्यांस मानवते. म्हणून दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत, नेमकी इंधनाची निकड असते तेव्हाच, वायू मंदावतो.

निघालेल्या वायूत शेकडा ५५ ते ६५ भाग मिथेन असतो. मुख्य गोष्ट ही की वायुरूपाने बाहेर पडतो तो बहुतांशी कार्बन. नत्र, स्फुरद व पालाश बाहेर येणाऱ्या शेणकाल्यात राहतात. तो उन्हात वाळत टाकला तर मात्र नत्राचा काही अंश अमोनियारूपाने उडतो. ओलाच शेतात मिसळणे बरे. अशा रीतीने चूलही पेटते आणि शेताचे चक्रही पुरे होते. चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच.

प्रारंभीच्या संयंत्रांवर लोखंडी टाकी तरंगत असे. ती महाग पडे व गंजे. दिल्लीतील ‘ॲफप्रो’ ह्या संस्थेने १९८४ मध्ये ‘दीनबंधु’ नावाचे विटांच्या घुमटाचे संयंत्र पुढे आणले आणि खर्च पुष्कळ उतरला.

हेच जंतू शहरातही काम करतात, परंतु तेथे त्यांस कुंड नाही. पूर्व दिल्लीत गाझीपूर येथे १९८४ पासून कचरा टाकण्यात येऊ लागला. त्या डोंगराच्या पोटात प्राणवायू पोहोचत नाही. साहजिकच मिथेन तयार होतो, वातावरणात मिसळतो आणि वारंवार लागणाऱ्या आगींना खाद्य पुरवितो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता कोंडतो. १ सप्टेंबर २०१७ रोजी ह्या डोंगराचा कडा कोसळून दोन माणसे दगावली.

तेथील वायू गोळा केला तरी राहिलेला गाळ शेतास देता येत नाही, कारण त्यात काच, विजेऱ्या व प्लास्टिक मिसळलेले असते. भाजीचे देठ व उष्टे-खरकटे स्वयंपाकघरातच निराळे ठेवले, तरच त्यांतून वायू आणि खत ही दोन्ही मिळतात.