एक जोडणी, दोन संगणक : इयत्ता सातवीसाठी एक पाठ

घरात वा शाळेत दुसरा संगणक आला म्हणजे इंटरनेटची दुसरी जोडणीही घ्यावी लागते, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. दुसऱ्या जोडणीचा मासिक खर्च झेपत नाही. मग त्या संगणकावर कापड पडते, आणि एक मूल अभ्यास करीत असता दुसरे ताटकळत बसते. हा समज दूर करणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय. एक जोडणी दोघांत वाटण्याचे काम मुळात नोंदवही ठेवण्याचे आहे, एवढे मुलांच्या मनात उतरले म्हणजे पाठ साधला.

आरंभ टपालाच्या पत्त्यापासून करावा. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास अंकांचा पत्ता लागतो, कारण मागितलेले पान कोठे पोचवावयाचे हे त्यावरूनच कळते. जुन्या व अजून रूढ असलेल्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात, आणि जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. म्हणून घरात यंत्रे कितीही असोत, बाहेरच्या जगासाठी सामान्यतः घराला एकच पत्ता असतो. घरातल्या घरात वापरावयाचे पत्ते मात्र निराळे राखून ठेवलेले आहेत, १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. ते लाखो घरांत एकसारखे असतात. 'वडाजवळचे घर' हा पत्ता प्रत्येक गावात चालतो, पण गावाबाहेर त्याला अर्थ नसतो, तसेच हे.

यापुढील भाग मुलांकडून करवून घ्यावा. तो नुसता सांगून समजत नाही. दोन मुलांस 'संगणक' करून त्यांच्या पाटीवर १९२.१६८.१.२ व १९२.१६८.१.३ असे लिहावे. दाराशी तिसरे मूल वही घेऊन बसवावे, ते 'राउटर'. वर्गाबाहेर एक मूल 'दूरचे ग्रंथालय' म्हणून उभे करावे. दोन्ही संगणकांनी एकाच वेळी ग्रंथालयाकडे निरनिराळे चित्र मागणाऱ्या चिठ्ठ्या पाठवाव्या. राउटरने चिठ्ठीवरील घरातला पत्ता खोडून तेथे घराचा एकमेव बाहेरचा पत्ता घालावा. थोड्याच वेळात दोन्ही उत्तरे त्याच पत्त्यावर परत येतील. कोणते उत्तर कोणाचे? येथे मुले अडतील. त्यांना अडू द्यावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये. बहुधा एखादे मूल स्वतःच सुचविते की चिठ्ठीवर खूण घालावी. राउटर नेमके हेच करतो. जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर तो एक क्रमांक घालतो, त्यास पोर्ट म्हणतात. कोणता क्रमांक कोणत्या संगणकाचा, हे तो वहीत टिपतो आणि उत्तर आले की वही पाहून ते पोचते करतो. ज्या उत्तराची नोंद वहीत नाही ते टाकून देतो. यामुळे बाहेरून आगंतुक येणाऱ्या पुष्कळ गोष्टी दारातच अडतात. मात्र आतल्या संगणकाने स्वतः मागविलेली अपायकारक फाइल बिनबोभाट आत येते, हेही मुलांना सांगावे.

राउटर स्वस्त होण्यापूर्वी हे काम एखादा संगणकच करीत असे. १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तशी सोय होती. अडचण एवढीच की पहिला संगणक बंद केला की दुसराही आंधळा होई. आज मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून दोन संगणक जोडले तर मोबाइल तेच काम करतो, आणि त्याचा डेटा दोघे मिळून संपवितात.

वेगाविषयी भ्रम नसावा. २० मेगाबिटची जोडणी दोघांमुळे ४० ची होत नाही. एकाने मोठी फाइल उतरविण्यास घेतली तर दुसऱ्याचे पान रेंगाळते. दोघे केवळ वाचीत असतील तर काहीच जाणवत नाही. वायफाय मातीच्या जाड भिंतीपलीकडे किंवा पत्र्याआड दुबळे पडते. तेथे तार ओढणे बरे. नेटवर्कची साधी तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते.

परवलीच्या शब्दाचा विचार शिक्षकांनी विशेष करावा. बाहेरून सारे घर एकाच पत्त्याने दिसत असल्याने, परवलीचा शब्द मिळवून कोणी बाहेरच्याने काही गैर केले तरी चौकशी प्रथम जोडणी ज्याच्या नावे आहे त्याच्याकडेच येते. शाळेच्या बाबतीत ते नाव शाळेचे असते. हा शब्द फळ्यावर लिहून ठेवण्याची पद्धत बंद करावी. राउटरसोबत आलेला मूळचा शब्दही बदलावा.

गृहपाठ म्हणून, जेथे सोय असेल तेथे, एकाच राउटरवरील दोन्ही संगणकांचे पत्ते मुलांनी वहीत उतरवून आणावे. विंडोजच्या कमांड खिडकीत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजीत दिली की पत्ता दिसतो. पहिले तीन आकडे बहुधा सारखे आणि शेवटचा वेगळा आढळेल.