निकालाची घाई : एक चिंतन



कार्तिकी एकादशी आली की आमच्या कर्जत-खालापूर भागातील वारकऱ्यांच्या पायांना दोन वाटा दिसू लागतात. एक खोपोलीवरून बोरघाट चढून आळंदीला जाते. दुसरी खोपोलीजवळच साजगावच्या विठोबाकडे वळते. या देवाला आमच्याकडे ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. यात्रेत सुक्या बोंबलांचा बाजार भरतो म्हणून हे नाव पडले, असे कोणी म्हणतात. जुनी माणसे मात्र दुसरीच गोष्ट सांगतात. तुकोबाराय मिरच्या विकायला कोकणात उतरले, लोकांनी माल नेला आणि पैसे बुडविले. तेव्हा देवाने बोंब मारून भक्ताची उधारी वसूल करून दिली.

आख्यायिकेचा पुरावा मागू नये, बोध घ्यावा. देवाने बोंब मारली खरी, पण ती ज्याचे देणे होते त्याच्यासाठी आणि खऱ्या उधारीची. ज्याने मिरची नेलीच नाही त्याच्या नावाने देव ओरडला नाही. तेव्हा अन्यायाविरुद्ध आवाज उठविणे हे पाप नव्हे. पण उधारी कोणाची हे न पाहताच बोंब मारली, तर तिला काय म्हणावे?

आज बोंब मारायला कोणाच्या दारात जावे लागत नाही. खिशातल्या मोबाइलवर अंगठा टेकला की झाले. कोणा कीर्तनकारावर, कोणा कलावंतावर, ज्यांना हल्ली इन्फ्लुएन्सर म्हणतात अशा कोणा तरुण मुलामुलीवर आरोप आला, की तासाभरात हजारो लोक न्यायाधीश होतात. आरोप कोणी केला, केव्हा केला, समोरच्याचे म्हणणे काय, हे विचारायला कोणाला सवड नसते. आम्ही स्वतःला यातून वगळीत नाही. एका कीर्तनकारांचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा आमच्याकडे आला आणि आम्ही संतापून तो चार जणांना पाठविला. पुढे सगळे कीर्तन ऐकले तेव्हा कळले की, बुवा पूर्वपक्ष मांडीत होते! प्रतिपक्षाचे म्हणणे आधी सांगायचे आणि मग ते खोडून सिद्धांत सांगायचा, ही तर कीर्तनाची जुनी रीत. कोणीतरी सिद्धांत कापून टाकला होता आणि पूर्वपक्ष तेवढा फिरत होता. शब्द बुवांचेच होते. मत मात्र त्यांचे नव्हते.

येथेच या पाठाचे मर्म आहे. बहुतेक वेळा आपण पाहिलेले खोटे नसते. त्यावरून काढलेला निकाल खोटा असतो.

महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त जनाबाईची कथा सांगितली आहे. देवाच्या गळ्यातले पदक नाहीसे झाले आणि ते जनीकडे सापडले. सापडले हे खरेच होते. पुजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. दासी, गरीब, एकटी. आणि पदक तिच्याकडे. यापुढे विचारायचे ते काय? जनीला सुळावर द्यायला चंद्रभागेच्या वाळवंटात नेले. देव स्वतः तिच्या घरी येऊन पदक विसरून गेला होता, हे कोणी ऐकून घ्यायला तयार नव्हते. अखेर सुळाचे पाणी झाले, असे कथा सांगते. आपण कथा ऐकतो, डोळे पुसतो, पुजाऱ्यांना नावे ठेवतो. पण मंडळी, त्या दिवशी वाळवंटात बघ्यांची गर्दी होती ना? त्या गर्दीत आपण कोठे उभे असतो, हे कधी मनाला विचारले आहे काय?

आता कथा नव्हे, घडलेली गोष्ट. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले. त्यांतले बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले, म्हणजे चोखोबांच्या आणि कान्होपात्रेच्या मुलखातले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होते. या पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त झाले. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून इतके मारले की पाचही जण प्राणास मुकले. ते कोणाचेही मूल पळवायला आले नव्हते.

मुलीशी बोलणे हे खरे. पण ‘मुले पळविणारा’ हा निकाल मोबाइलने आधीच देऊन ठेवला होता; फक्त माणूस सापडायचा होता. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मूळ कराचीतली निघाली. मुलांना जपा, हे पालकांना शिकविण्यासाठी ती तयार केली होती. पळविलेले मूल शेवटी परत आणून सोडतात, तेवढाच भाग कोणीतरी कापला होता. येथेही सिद्धांत कापला आणि पूर्वपक्ष फिरला! पुढे १६ एप्रिल २०२० रोजी आपल्या कोकणपट्टीतच, पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे, अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांचे प्राण घेतले.

जनीसाठी सुळाचे पाणी झाले. राईनपाड्याला तसे झाले नाही. त्या खोलीत देव यायचा होता तो माणसाच्याच रूपाने. ‘थांबा, आधी विचारू’ असे म्हणून दारात घट्ट उभा राहणारा. आपल्या वाड्यापाड्यांतही सुगीनंतर वासुदेव येतो, नंदीबैलवाला येतो, गोसावी येतो. उद्या तशी वेळ आली तर दारात कोण उभे राहील?

कोणी म्हणतील, ‘अहो, मग आरोप झालेल्या बुवाबाबांना पाठीशी घालायचे का?’ मुळीच नाही. घाई दोन तऱ्हेची असते. दोषी ठरविण्याची एक आणि निर्दोष ठरविण्याची दुसरी. २०१३ साली एका अल्पवयीन मुलीने आसाराम यांच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली, तेव्हा पुष्कळ भक्तांनी त्या मुलीलाच खोटी ठरविले. साक्षीदारांवर हल्ले झाले. मुलीचे घर हटले नाही. २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने आसाराम यांना दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्या मुलीची बोंब खऱ्या उधारीची होती, आणि ती योग्य दारात मारली होती. तिला खोटी म्हणणारे हजारो भक्त जनीच्या गर्दीतलेच होते. गळ्यात माळ आहे म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही, आणि आरोप आहे म्हणून दोषीही ठरत नाही. दोहोंमध्ये चौकशी नावाची एक पायरी आहे. ती गाळून वर चढता येत नाही.

एकादशी, हरिपाठ, वारी हे आपले नेम. त्यांना आणखी चार नेम जोडावेत, अशी आमची विनंती आहे.

पहिला : तुकडा पाहून मत ठरवू नये. सगळे ऐकावे, न मिळाले तर मत राखून ठेवावे.

दुसरा : निंदेचा मजकूर आला तर रात्रभर आपल्याजवळच ठेवावा. सकाळी हरिपाठ झाल्यावर पुन्हा वाचावा. बहुतेक वेळा पाठवावासा वाटणार नाही.

तिसरा : मूल, स्त्री किंवा कोणीही दुबळा संकटात आहे असे दिसले तर मात्र एक घटकाही थांबू नये. ११२ वर पोलिसांना कळवावे. मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. हात उगारू नये आणि गावभर संदेशही करू नये. तक्रार करणाऱ्याचे ऐकून घ्यावे, त्याला हिणवू नये.

चौथा, आणि हा सर्वांत कठीण : आपण चुकलो असे कळले, तर जितक्या जणांना निंदा पाठविली तितक्यांना चूकही कळवावी. आम्ही त्या चौघांना कळविले. हात जड झाला, खोटे सांगत नाही. दोघांनी तोवर तो तुकडा पुढे धाडलेला होता. तो कोठवर गेला असेल, हे आम्हांला कधीच कळायचे नाही.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. समोरचा कोण, कोठला, त्याच्या हातून काय घडले असेल, याची चौकशी न करताच पडतो. ज्याच्या पायावर डोके ठेवायला आपल्याला पुरावा लागत नाही, त्याच्यावर दगड उचलताना तरी पुरावा मागावा, एवढेच मागणे आहे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.