सरकता किनारा मोजणाऱ्या चमूचं नेतृत्व

महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किलोमीटर लांब आहे, हे आपण शाळेत पाठ केलं. केंद्र सरकारने अलीकडे नव्याने मोजणी केली तेव्हा तो सुमारे ८७८ किलोमीटर भरला. गोव्याचा १०१ वरून १९४च्या आसपास गेला आणि देशाचा साडेसात हजारांवरून अकरा हजारांच्या पुढे. ही वाढ नव्या जमिनीमुळे झालेली नव्हती. आधीची लांबी लहान प्रमाणाच्या नकाशावरून काढलेली होती. या वेळी मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेतला, त्यामुळे खाड्यांची वळणं आणि बारीकसारीक खाचाही मोजणीत आल्या. किनारा सरकतोय का, किती आणि कुठल्या दिशेने, हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञांच्या चमूचं काम समजून घ्यायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी. कसं मोजलं हे सांगितल्याखेरीज किनाऱ्याबद्दलचा कुठलाही आकडा पूर्ण होत नाही.

समुद्राचं शास्त्र म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा जहाज येतं. मर्चंट नेव्हीची वाट वेगळी आणि ही वेगळी. इथे बहुतेक वर्षं जमिनीवरच जातात. काही दिवस पुळणीवर, बरेचसे संगणकापुढे, आणि जबाबदारी वाढत जाईल तसे अधिकाधिक दिवस बैठकांमध्ये.

कामाची गरज किती खरी आहे, ते एका अभ्यासावरून कळेल. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने, म्हणजे एनसीसीआरने, १९९० ते २०१८ या काळातली उपग्रहचित्रं तपासली. देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी साधारण एक तृतीयांश भाग धुपतो आहे, एक चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग वाढतो आहे आणि उरलेला स्थिर आहे, असा निष्कर्ष निघाला. अहमदाबादचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर, हैदराबादचं इन्कॉइस, गोव्यात दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पुण्याजवळ खडकवासल्याचं १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, या संस्थाही किनाऱ्याच्या अभ्यासात आहेत. बंदरं, धूपप्रतिबंधक बंधारे आणि सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नकाशे यांमुळे खासगी सल्लागार कंपन्यांनाही ही माणसं लागतात.

आता मोजणीच्या आत शिरू, कारण नेत्याची कसोटी तिथेच लागते. उपग्रहाच्या चित्रात पाण्याची कड दिसते. ती कड म्हणजे किनारा नव्हे. पुळणीचा उतार पन्नासास एक असेल तर भरतीची पातळी एक मीटरने बदलताच ती कड पन्नास मीटर आत-बाहेर होते. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. म्हणजे एक चित्र उधाणाच्या भरतीचं आणि दुसरं भांगाच्या ओहोटीचं घेतलं, तर किनारा सरकलेला दिसेल आणि प्रत्यक्षात वाळूचा कणही हललेला नसेल. त्यात ऋतूंची भर. पावसाळ्यात उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून थोड्या अंतरावर पाण्याखाली नेऊन ठेवतात. पाऊस सरल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. मे महिन्यातली पुळण आणि सप्टेंबरमधली पुळण शेजारी ठेवून ‘किनारा खचला’ असं जाहीर करणं चूकच. म्हणून चमू एकाच ऋतूतली, शक्यतो सारख्या भरतीची चित्रं निवडतो, किंवा उतार मोजून भरतीचा परिणाम वजा करतो. शिवाय सुरूच्या बनाची किंवा इतर झाडोऱ्याची कड, नेहमीच्या भरतीची खूण, अशा दुसऱ्या रेषाही ताडून पाहतो.

यापुढचा भाग गणिताचा. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती सर्वांना मोफत मिळतात. त्यांतून रेषा काढताना चांगल्या पद्धतीनेही दहा मीटरच्या आसपासची चूक राहते. समजा एखादी पुळण वर्षाला एक मीटर या वेगाने मागे हटते आहे. पाच वर्षांत पाच मीटर, म्हणजे चुकीच्या निम्मे. दोनच चित्रं हातात असतील तर प्रामाणिक शास्त्रज्ञाला काहीही ठामपणे सांगता येणार नाही. तीस वर्षांची अनेक चित्रं असतील तर मात्र तोच वेग स्पष्ट दिसतो. चमूतला तरुण विश्लेषक उत्साहाने धूप लाल रंगात दाखवणारा नकाशा घेऊन येतो तेव्हा ‘एवढ्यावरून हे म्हणता येत नाही’ हे वाक्य प्रमुखाला उच्चारावं लागतं. तेच वाक्य मंत्रालयातही उच्चारावं लागतं आणि ग्रामपंचायतीतही. माझ्या मते या पदाची खरी पात्रता हीच आहे. बाकीची कौशल्यं शिकता येतात.

दुसरी पात्रता म्हणजे नोंद तुटू न देणं. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ नॅराबीन नावाची पुळण आहे. ॲन्ड्र्यू शॉर्ट या प्राध्यापकांनी १९७६ मध्ये तिची दर महिन्याची मोजणी सुरू केली. त्यासाठी त्यांच्याकडे दोन काठ्या, क्षितिजाची रेषा आणि वही एवढंच होतं. पुढे उपकरणं बदलली, उपग्रहावर चालणारी आरटीके-जीपीएस आली, काम दुसऱ्या विद्यापीठाकडे गेलं, माणसंही बदलली, पण मोजणी चालूच राहिली. म्हणूनच एल निनो आणि ला निनाच्या चक्राबरोबर ती पुळण एका टोकाला झिजते आणि दुसऱ्या टोकाला भरते, हे शास्त्राला कळलं. तीन वर्षांच्या प्रकल्पातून हे कधीच हाती लागलं नसतं. आपल्याकडे निधी मात्र बहुधा तीन-तीन वर्षांचाच असतो. प्रकल्प संपल्यावरही मोजणीच्या खुणा जागेवर राहतील, वह्या आणि फायली पुढच्या माणसाला वाचता येतील, पद्धत लिहून ठेवलेली असेल, हे पाहणं प्रमुखाचं काम. त्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. मला मात्र हा या पेशाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

प्रत्यक्ष चमूत कोण असतं? सर्वेक्षक, ड्रोन उडवण्याचा परवाना असलेला पायलट, उपग्रहचित्रं वाचणारा, लाटांचं गणिती प्रारूप चालवणारा, वाळूचे नमुने चाळणारा प्रयोगशाळेतला सहायक. आणि होडीवाला, जो पगारपत्रकात क्वचितच दिसतो. भरतीच्या कोष्टकाप्रमाणे कामाच्या वेळा ठरतात, म्हणून पहाटे तीनला निघणं आलं. ड्रोनच्या परवानग्या आल्या. पावसाळ्यात होडी पाण्यात घालायची नाही, हा नियम तर निरपवाद हवा. यांत्रिक बोटींचे मच्छीमारही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणाऱ्यांना पुळणीचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतो. कुठल्या वर्षी खाडीचं मुख सरकलं, हे ते सांगतात आणि जुन्या चित्रांशी ते ताडून बघता येतं. ज्या प्रमुखाला त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता येतं त्याचं काम अधिक खोल होतं. कोकणातल्या मुलामुलींकडे हे भांडवल जन्मापासून असतं.

एवढी काळजी कशासाठी, हे पुदुच्चेरीत दिसतं. १९८० च्या दशकात तिथे बंदरासाठी लाटरोधक बांध झाला. पूर्व किनाऱ्यावर वाळूचा निव्वळ प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे होतो. बांधाने तो अडवला, दक्षिणेला वाळू साचली आणि उत्तरेला शहरापुढची पुळण नाहीशी झाली. दगड टाकून शहर वाचवावं लागलं. पुढे राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था आणि किनारी संशोधनातले शास्त्रज्ञ यांनी पाण्याखाली पोलादी बांध बसवला, उपसलेली वाळू किनाऱ्यावर टाकली आणि पुळण पुन्हा दिसू लागली. कुठे बांधायचं, किती वाळू लागेल, नंतर ती टिकते का, ही सगळी उत्तरं मोजणीतून येतात. आपल्याकडे रत्नागिरीचा मिऱ्या, मालवणजवळचं देवबाग इथले रहिवासी हेच प्रश्न विचारत आहेत. तिथल्या बैठकीत एका बाजूला घर जाईल म्हणून घाबरलेलं कुटुंब असतं आणि दुसऱ्या बाजूला बंधाऱ्याचं अंदाजपत्रक. मधोमध तुमचा आकडा.

शिक्षणाची वाट एकच नाही. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र ठेवा, एवढा आग्रह मी धरेन. पुढे भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा भूगोल घेऊन पदवी, किंवा सिव्हिल इंजिनिअरिंग. पदव्युत्तर शिक्षणासाठी गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान, कोचीनला समुद्रविज्ञान, आयआयटी मद्रासला ओशन इंजिनिअरिंग, दूरसंवेदनासाठी आयआयटी मुंबई किंवा डेहराडूनची आयआयआरएस. नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रहविज्ञान असा विषय आहे. संख्याशास्त्र आणि पायथॉन कुठल्याही शाखेतून गेलात तरी लागणारच. मराठीत आणि इंग्रजीत स्वच्छ अहवाल लिहिण्याचा सराव लोक विसरतात. तो पहिल्या वर्षापासून करा.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पीएचडी करताना ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं अशी मिळते. सरकारी संस्थेत सायंटिस्ट-बी पदाचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. पण कायम पदं थोडी आहेत आणि अनेकांची सुरुवातीची काही वर्षं कंत्राटी प्रकल्पांत जातात. चमूचं नेतृत्व हाती यायला पदवीनंतर दहा-बारा वर्षं सहज लागतात. घरी तातडीने कमावण्याची गरज असेल तर आधी सर्वेक्षण किंवा जीआयएसच्या नोकरीने सुरुवात करून नंतर पुढे शिकणं, हा मार्गही सन्मानाचाच आहे. मुलींच्या पालकांना मुक्कामाची आणि सुरक्षिततेची काळजी वाटते, ती रास्तच आहे. राहण्याची सोय, स्वच्छतागृह, परतीची गाडी यांची व्यवस्था लावणं हे प्रमुखाचं कर्तव्य असतं. संस्थेत रुजू होण्यापूर्वी हे प्रश्न मोकळेपणाने विचारा.

कल आहे का, हे या सुट्टीतच पाहता येईल. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, लँडसॅटची चित्रंही मोफत आहेत. गावाजवळची एक पुळण निवडा. जानेवारी-फेब्रुवारीतली, वीस वर्षांच्या अंतराची दोन चित्रं घ्या, दोन्ही वेळची भरती कोष्टकातून शोधा, दोन्ही रेषा काढा, फरक मोजा. मग त्या फरकातला किती भाग भरतीचा, किती चित्राच्या चुकीचा आणि किती खरोखर किनाऱ्याचा, हे एका पानावर लिहून शिक्षकांना दाखवा. रेषा काढण्यापेक्षा ते पान लिहिताना मुलगा किंवा मुलगी जास्त रमली, तर पालकांनी प्रवेशअर्ज भरायला हरकत नाही.