परदेशी शेअर घेण्याआधी ही ३ साधनं हाताशी ठेवा

मालेगावात दुकानात बसून अमेरिकन कंपनीचा शेअर घेणं आता मोबाईलवर जमतं. पण ॲप म्हणजे नुसता गल्ला. मालाची पारख आणि हिशोब आपल्यालाच करायचा आहे.

१) पारखीसाठी 'एडगर': अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाची, म्हणजे एसईसीची, ही साइट फुकट आहे. आपण कोलगेट विकतो ना? तिथे 'कोलगेट-पामोलिव्ह' शोधा आणि '१०-के' हा वार्षिक अहवाल उघडा. विक्री, नफा, कर्ज आणि धोके, सुरुवातीला एवढं वाचलं तरी पुष्कळ.

२) हिशोबाला एक्सेल: तारीख, शेअर किती, डॉलरमधला भाव, त्या दिवशीचा डॉलरचा दर, चार्जेस, लाभांश. लाभांशातून अमेरिकेत साधारण २५% कर आधीच कापला जातो. त्याची नोंद असेल तरच इथे रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मागता येतं.

३) सीए, तोही खरेदीच्या आधी: आपल्यातले बरेच दुकानदार अंदाजित नफ्यावर आयटीआर-४ भरतात. परदेशी शेअर एकच का असेना, तो फॉर्म चालत नाही. धंदेवाल्याला आयटीआर-३ आणि त्यात 'शेड्यूल एफए' भरावं लागतं. हे काम आणि सीएची फी आधी मोजा.

रक्कम छोटी असेल तर परदेशात गुंतवणूक करणारा भारतीय म्युच्युअल फंड बघा. त्याला शेड्यूल एफए लागत नाही.

आणि हो, सीझनच्या मालाचे पैसे यात घालू नका. दुकान आधी, डॉलर नंतर!